जूनमधला खांब

आईशी फोनवर बोलताना माणसाने भांडी घासू नयेत. लक्ष करपलेल्या पातेल्याकडे असतं आणि तोंड आपलं आपण बोलत सुटतं. सिक्स्टेन ओकरब्लूमचं नेमकं तेच झालं.

"काय रे, तिकडे जर्मनीत मिडसमरला तुम्ही करता तरी काय?" पलीकडून मॅर्ताबाईंनी विचारलं.

"करतो की," पातेल्यावर काथ्या घासत सिक्स्टेन म्हणाला. "खांब उभारतो."

"फुलांचा?"

"मग काय विजेचा? फुलांचाच. दर वर्षी."

पातेलं लख्ख निघालं. मॅर्ताबाई स्वीडनमधल्या डालार्नातल्या. वय ब्याऐंशी. गावच्या खांबाला पानं-फुलं बांधणाऱ्या बायकांचं पुढारपण त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं, की गावात तीन पाद्री बदलले, पण मॅर्ताबाई काही बदलल्या नाहीत. मुलगा ल्युबेकच्या मुलीशी लग्न करून ल्युबेकलाच राहिला, हे त्यांनी सोसलं होतं. पण तो मिडसमरच्या, म्हणजे स्वीडनमधल्या जूनच्या मोठ्या सणाच्या, दिवशी कचेरीत जातो हे त्यांनी कधीच सोसलं नव्हतं.

"मग यंदा मी तिकडेच येते," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

आणि फोन ठेवला.

सिक्स्टेन विमा कंपनीत होता. लोकांचे अपघात खरे की खोटे हे तपासणं हे त्याचं काम. शिडीवरून पडलेल्या माणसाला "पण मुळात शिडीवर चढलातच कशाला?" असं तो वर्षानुवर्षं अत्यंत सभ्यपणे विचारत आला होता. आता हाच प्रश्न त्याच्या बायकोने, गेझीनेने, त्याला विचारला.

"मुळात बोललासच कशाला? आता सांगून टाक ना सरळ. आई आहे, खाणार नाही."

"तू तिला ओळखत नाहीस."

"चांगली ओळखते. म्हणूनच सांगतेय."

पण सरळ सांगणं हा मार्ग सभ्य माणसाला नेहमी सर्वांत शेवटी सुचतो, आणि तोपर्यंत तो बंद झालेला असतो. सिक्स्टेनने ठरवलं, खांब उभारायचाच. जागा होती. गावाबाहेरच्या बागमंडळात, म्हणजे शहरी लोकांना भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागांच्या वसाहतीत, त्यांचा एक तुकडा होता. लाकडी खोली, चार ओळी बटाटे, स्ट्रॉबेरी आणि एक सफरचंदाचं झाड. त्यात एक खांब. त्यात काय मोठंसं!

बागमंडळाचे अध्यक्ष होते ब्रुगेमानसाहेब. सडपातळ, उंच, विधुर. सिक्स्टेन गेला तेव्हा ते दोरी ताणून कुंपणाची पानं कापत होते. त्यांचं कुंपण इतकं सरळ होतं की त्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नसतं.

"खांब," ब्रुगेमानसाहेबांनी तो शब्द तोंडात घोळवला. "झेंड्याचा?"

"नाही."

"मग अँटेनाचा?"

"फुलांचा."

"फुलं जमिनीत येतात, श्रीयुत ओकरब्लूम. खांबाला येत नाहीत."

"ती बांधायची असतात हो. खांबाला हिरवी पानं गुंडाळायची, वर आडवी काठी, तिला दोन कडी टांगायची, मग सगळ्यांनी भोवती फेर धरायचा."

ब्रुगेमानसाहेबांनी कात्री खाली ठेवली. "अहो, हा तर आपला मे महिन्याच्या सणाचा खांब!"

"म्हणजे... जवळपास तसाच."

"पण आता जून आहे."

"आमच्याकडे वर उत्तरेत मेमध्ये झाडांना पानंच फुटलेली नसतात. बांधणार काय? म्हणून थांबतो."

"असं!" ब्रुगेमानसाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे सण आमचाच. तुमच्याकडे जरा उशिरा पोचतो."

सिक्स्टेनच्या काळजात बारीक काटा मोडला. परदेशात राहणाऱ्याचं असंच असतं. आपल्या देशात असताना ज्या गोष्टीला आपण जांभया देतो, तीच परमुलखात कुणी आपली म्हणाला की रक्त खवळतं. पण परवानगी हवी असल्यामुळे त्याने रक्ताला थोपवलं.

परवानगी मात्र मिळेना. खांब हे झाड धरलं तर उंची जास्त होते. बांधकाम धरलं तर पाया दाखवावा लागतो. खेळणं धरलं तर लहान मुलं दाखवावी लागतात आणि सिक्स्टेनची मुलगी म्यूनिकला वकिली करत होती. ब्रुगेमानसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच मदत करायची होती. फक्त त्यांना नियमांतून वाट काढायची होती, नियमांवरून उडी मारून नव्हे.

तोडगा काढला तो शेजारच्या तुकड्यातल्या डॉक्टर ल्यूर्सनी. हे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. जन्मभर समोरच्या माणसाच्या तोंडात यंत्र घालून एकट्यानेच बोलायची सवय असल्यामुळे कुणी उलट उत्तर देऊ शकतं ही कल्पनाच त्यांना नव्हती.

"घेवडा!" डॉक्टर कुंपणावरून ओरडले. "वेलीच्या आधाराला उंचीची अट आहे का, ब्रुगेमान?"

ब्रुगेमानसाहेब विचारात पडले. मनातल्या मनात त्यांनी सगळी नियमावली चाळली असावी, कारण त्यांचे ओठ हलत होते. "नाही," ते शेवटी म्हणाले. "वेलीच्या आधाराला नाही. पण वेल असायला हवा."

अशा रीतीने डालार्नाच्या पुरातन सणाचा खांब ल्युबेकच्या बागमंडळात घेवड्याचा आधार म्हणून मंजूर झाला, आणि त्याच संध्याकाळी सिक्स्टेन गुडघे टेकून घेवड्याचं बी पेरायला बसला. गेझीने दारात उभी राहून बघत होती. हसू नये म्हणून तिने ओठ आवळले होते, पण खांदे गदगदत होते.

खांब आला तो वखारीतून. वखारवाल्याने तो बागमंडळाच्या फाटकात टाकला आणि निघून गेला. आत नेणं हे आपलं काम नाही, म्हणाला. आत नेताना लक्षात आलं की बागमंडळातल्या वाटा माणसांसाठी आहेत. माणूस वळतो. खांब वळत नाही. पहिल्याच कोपऱ्यावर तो एका बाजूने ब्रुगेमानसाहेबांच्या कुंपणाला आणि दुसऱ्या बाजूने ओल्सनबाईंच्या फाटकाला टेकून घट्ट बसला.

मग सल्ले सुरू झाले. वाटेवर माणूस अडला तर कुणी फिरकत नाही, पण खांब अडला की गाव गोळा होतं. एकजण म्हणाला उभा करून न्या. दुसरा म्हणाला, कापून दोन करा, मग जोडा. डॉक्टर ल्यूर्स म्हणाले, "दाढ काढतो तसं. आधी हलवायचा, मग पिळायचा, मग ओढायचा." त्यांनी हलवला, पिळला आणि ओल्सनबाईंचा गुलाब ओढला.

एवढ्यात कुठल्या तरी चर्चच्या घड्याळात एक वाजला.

सगळे थबकले. एक ते तीन बागमंडळात विश्रांतीची वेळ. ठोकाठोक नाही, ओढाताण नाही, मोठ्याने बोलणं नाही. तिथे एखादा तिसऱ्याच देशाचा माणूस असता, तर म्हणाला असता, अहो, एवढं ढकलून घेऊ, मग बसू. पण तिथे होते जर्मन आणि एक स्वीड, आणि नियमापुढे हे दोघे सख्खे भाऊ. कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. सगळ्यांनी खांब अलगद, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा, होता तिथेच ठेवला.

"पण मी बाहेर कशी येऊ?" ओल्सनबाई कुजबुजल्या. खांब बरोबर त्यांच्या फाटकाला आडवा होता.

"तीननंतर," ब्रुगेमानसाहेब कुजबुजले.

मग काय करायचं? दुपार होती, माणसं होती. कुणीतरी कॉफी आणली. ओल्सनबाईंनी अडकल्या अडकल्या फाटकावरून प्लमचा केक दिला. सिक्स्टेनने घरून वेलचीचे पाव आणले होते, ते निघाले. खांबावरच ओळीने बसून सगळ्यांनी आवाज न करता खाल्लं.

"ही दुपारची कॉफी आणि सोबत काहीतरी गोड," सिक्स्टेन हळूच म्हणाला, "ही आमची खास स्वीडिश पद्धत."

सगळ्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. आपापल्या हातातल्या केककडेही पाहिलं. सिक्स्टेनने आणखी एक पाव घेतला.

तीन वाजता मंडळी ताजीतवानी होऊन उठली आणि ओल्सनबाईंचं फाटकच बिजागऱ्यांतून काढून खांब पुढे नेला. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. केकमुळे सुचलं असावं.

राहिला खड्डा. डॉक्टर ल्यूर्सनी कुदळ कुणालाच घेऊ दिली नाही. "खांब म्हणजे दात," ते म्हणाले. "वर दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचं खाली असतं. मूळ खोल पाहिजे!"

"पुरे झालं, डॉक्टर," सिक्स्टेन म्हणाला.

"अजून थोडं."

"अहो, खाली काही असेल..."

"चाळीस वर्षं रूट कॅनल केलेत मी! कुठे थांबायचं ते मला..."

पुढचं वाक्य पाण्यात गेलं. बागमंडळाची मुख्य नळी नेमकी तिथूनच जात होती. कारंजं सफरचंदाच्या झाडाएवढं उडालं. डॉक्टर चिंब झाले, सिक्स्टेन चिंब झाला, पेरलेला घेवडा वाहून बटाट्यांत गेला. ब्रुगेमानसाहेब लांब टांगा टाकत आले आणि त्यांनी चावी फिरवून पाणी बंद केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खड्ड्याकडे पाहिलं, मग सिक्स्टेनकडे पाहिलं आणि ओला बूट काढून उपडा केला.

नळी दुरुस्त होईपर्यंत सगळ्या बागमंडळाचे टोमॅटो माना टाकून उभे होते. सिक्स्टेनला वाटलं, आपण दर घरी जाऊन माफी मागायला हवी. स्वीड माणसाला अपराधीपणाची भारी हौस. तो एकेका फाटकाशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला. पण झालं भलतंच. जो तो त्याला आत बसवून घ्यायचा. एकजण म्हणाला, आमची आजी पेंटेकॉस्टच्या सणाला बर्चच्या झाडाच्या फांद्या दाराला लावायची, तुम्हाला फांद्या हव्यात का? दुसरी म्हणाली, मला फुलांचा मुकुट विणता येतो. तिसऱ्याचं अकॉर्डियन पोटमाळ्यावर पडून होतं. माफी कुणालाच नको होती, आमंत्रण सगळ्यांना हवं होतं.

"किती जण येणार?" गेझीनेने विचारलं.

"सगळे," सिक्स्टेन खुर्चीत कोसळून म्हणाला. "गेझीने, आई दोन मिनिटांत ओळखेल. खड्डा ताजा, लोक ताजे, घेवडा बटाट्यात. मी तोंड कुठे लपवू?"

"खड्ड्यात," गेझीने म्हणाली. "खोल आहे चांगला." आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, "अरे, ती एवढ्या लांब खांब बघायला येतेय का वेड्या?"

सिक्स्टेनला हा प्रश्न कळला नाही. मुलांना असले प्रश्न फार उशिरा कळतात.

मिडसमरच्या शुक्रवारी सकाळी मॅर्ताबाई बोटीने ल्युबेकजवळच्या ट्राफेम्युंडे बंदरात उतरल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हेरिंग माशाच्या बरण्यांची पिशवी. डोक्यावर पांढरा रुमाल. बागेत पाऊल टाकताच त्यांनी सगळं एका नजरेत पाहिलं. आडवा खांब, बर्चच्या फांद्यांचा ढीग, कुणालाही बांधता न आलेली पानं आणि खड्ड्यात अजून साचलेला चिखल. त्या बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिल्या. सिक्स्टेनने डोळे मिटून घेतले.

"सुतळी कुठे आहे?" मॅर्ताबाई म्हणाल्या.

एवढंच. आणि सिक्स्टेन शेजाऱ्यांची ओळख करून देत असतानाच बाह्या वर सारल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्वीडनमध्ये लोक एकमेकांना अरे-तुरे करतात. शिपाई साहेबाला करतो, साहेब मंत्र्याला करतो. मॅर्ताबाई जन्मभर तसंच बोलत आल्या होत्या. उलट या बागमंडळात तीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहणारी माणसं एकमेकांना "अहो ल्यूर्स", "अहो ओल्सनबाई" म्हणायची. मॅर्ताबाईंना जर्मन येत नव्हतं, पण 'तू'ला दोन्ही भाषांत शब्द एकच. त्या आपल्या डालार्नाच्या बोलीत बोलत होत्या आणि हातवारे इतके स्वच्छ होते की कुणाला काही विचारावं लागलं नाही.

"ए, तू! दातवाल्या! फांदी उलटी धरलीस. देठ वर, पान खाली. हां. आणि तू, बाई, तुझी गाठ बघ, ही काय गाठ आहे? ही तर शिंकेनं सुटेल!"

डॉक्टर ल्यूर्स निमूट फांद्या सुलट्या करू लागले. कुणीतरी त्यांना बोलू दिलं नाही, असा हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग असावा.

मंडळी रंगात आलेली असतानाच ब्रुगेमानसाहेब आले. कोट घालून, हातात मोजपट्टी घेऊन. मंजुरी घेवड्याला होती आणि घेवडा दिसत नव्हता.

"वेल?" त्यांनी विचारलं.

"वाहून गेला," सिक्स्टेन म्हणाला.

"मग हा आधार कशाला आहे, श्रीयुत ओकरब्लूम?"

सिक्स्टेन उत्तर शोधत होता तेवढ्यात मॅर्ताबाई ओरडल्या, "उचला रे!" आणि सगळी जनता खांबाला भिडली.

खांब डुलत डुलत वर निघाला. दोन कडी फुलांनी भरलेली, पानांचा हिरवा वास, अकॉर्डियनचा पहिला कण्हता सूर. बुंधा खड्ड्यात उतरला आणि खांब सरळ उभा राहिला. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायच्या म्हणून सगळ्यांनी हात सोडले.

चिखल शेवटी चिखलच. खांब आधी किंचित, मग जरा जास्त, आणि मग एखाद्या थकलेल्या पाहुण्यासारखा ठाम निश्चयाने एका बाजूला कलू लागला. त्या बाजूला ब्रुगेमानसाहेब उभे होते. त्यांनी मोजपट्टी टाकली आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. खांब थांबला.

"सोडू नकोस!" मॅर्ताबाई गरजल्या. "अरे ए, लांबड्या! घट्ट धर! हलू नकोस!"

बागमंडळाचा श्वास अडकला. ब्रुगेमानसाहेबांना 'अरे' म्हणणारं माणूस जिवंत असल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रुगेमानसाहेबांचे कान लाल झाले. आणि त्यांनी उत्तर दिलं ते शाळेतल्या जर्मनमध्ये नाही, तर उत्तरेकडच्या जुन्या बोलीत, जिच्यात त्यांची आजी बोलायची आणि जिचे कितीतरी शब्द जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर स्वीडनला गेले होते. "धरलाय गं! पण किती वेळ धरू?"

मॅर्ताबाईंना कळलं. अगदी शब्दन् शब्द. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाच संपेपर्यंत."

तेही ब्रुगेमानसाहेबांना कळलं.

सिक्स्टेन तोंड उघडं टाकून उभा राहिला. इतकी वर्षं तो जर्मन व्याकरणाशी कुस्ती खेळला होता, दर वाक्याला धोबीपछाड खाल्ली होती. आणि इथे आईने दोन मिनिटांत थेट आजोबा-पणजोबांच्या वाटेने पलीकडे उडी मारली होती.

फेर सुरू झाला. दगड शोधून खड्ड्यात भरेपर्यंत खांब सोडणं शक्य नव्हतं, म्हणून नाच झाला तो अध्यक्षांसकट खांबाभोवती. डॉक्टर ल्यूर्स, ओल्सनबाई, गेझीने, अकॉर्डियनवाला, सगळे हातात हात घालून. मग मॅर्ताबाईंनी बेडकाच्या उड्या शिकवल्या. कानाजवळ हात नेऊन हलवायचे, उकिडवं बसायचं आणि टुणटुण उडायचं. आयुष्यभर सरळ रेषेत चाललेली माणसं टुणटुण उडू लागली. ओल्सनबाई हसता हसता गवतावर आडव्या झाल्या. उभे होते फक्त ब्रुगेमानसाहेब, पानाफुलांत गाल रुतवून. आणि सिक्स्टेनने नीट पाहिलं, तर त्यांचा उजवा पाय ताल धरत होता.

नाच संपल्यावर डॉक्टरांनी खड्ड्यात दगड ठासले. "फिलिंग!" ते समाधानाने म्हणाले. ब्रुगेमानसाहेबांना सोडवून बाकावर बसवलं, समोर शेपू घातलेले नवे बटाटे, मलई आणि मॅर्ताबाईंची हेरिंग ठेवली. त्यांनी एक तुकडा खाल्ला.

"हा तर आमच्यासारखाच लागतो," ते म्हणाले.

"तुमचा आमच्यासारखा लागतो," मॅर्ताबाई म्हणाल्या आणि पेला भरला. दोघांनी पिण्याआधी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं, प्यायल्यावर पुन्हा पाहिलं. ही रीतही दोन्हीकडे सारखीच आहे. पण दुसऱ्या वेळचं पाहणं जरा लांबलं, असं गेझीने नंतर म्हणाली.

पाहुणे पांगल्यावर सिक्स्टेन आईशेजारी येऊन बसला. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. खांब थोडा तिरका, पण उभा होता.

"आई, मी फोनवर म्हणालो होतो की दर वर्षी..."

"हूं," मॅर्ताबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षापासून मोजू." मग, त्याच्याकडे न बघता, "घरी खांबाला माणसं उरली नाहीत रे. जे आहेत ते माझ्यासारखेच. बांधू शकतात, उचलू शकत नाहीत. मला एकदा पुन्हा उभा राहताना बघायचा होता."

सिक्स्टेन आईच्या जवळ सरकला. त्याने आईच्या हातात अडकलेली सुतळी हळूच सोडवली.

दोन दिवसांनी मॅर्ताबाई परत निघाल्या. बोटीच्या धक्क्यावर सिक्स्टेन आणि गेझीने होतेच. पण ब्रुगेमानसाहेबही होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात ऱ्हुबार्बच्या मुरंब्याची बरणी घेऊन. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असावं, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"शुक्रवारी," ते म्हणाले, "तक्रार करण्यासारखं काही नव्हतं."

उत्तर जर्मनीत याहून मोठी स्तुती अस्तित्वात नाही. लोक असलं वाक्य लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वापरतात. सिक्स्टेन ते आईला समजावून सांगणार होता, पण गरज पडली नाही. डालार्नातही माणसं शब्द असेच जपून खर्च करतात.

"वाईट नव्हतं," मॅर्ताबाई म्हणाल्या आणि लाजल्या. ब्याऐंशीव्या वर्षी, भर धक्क्यावर, पांढऱ्या रुमालाखाली सरळ सरळ लाजल्या.

बोट हलली. ती किनाऱ्याला अगदी लगटून जाते, त्यामुळे माणूस स्पष्ट दिसतो. मॅर्ताबाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवू लागल्या. आईने निरोप देताना असा हात कधी हलवला नव्हता. सिक्स्टेन दोन पावलं पुढे झाला आणि दोन्ही हात उंच करून हलवू लागला.

"सिक्स्टेन!" पाण्यावरून आवाज आला. "बाजूला हो! मला तो दिसत नाहीये!"